मासोळीची भूक ओळखणारी बेबीताई

कोहका वस्तीतल्या बेबीताई वासनिकांना भिलाईत फारसं कोणी ओळखत नाही. माझी पीएचडी मात्र त्यांच्यामुळे पुरी झाली.

त्यांचे यजमान जानराव रेल्वेत गँगमन होते. भंडाऱ्याकडून दुर्ग लाइनवर बदली झाली आणि ते इकडचेच झाले. रिटायर झाल्यावर त्यांनी चार सोबत्यांसह उतईजवळचा एक तलाव मत्स्यपालनासाठी घेतला. वर्षभरात त्यांचे गुडघे धरले, आणि मासोळ्यांना खाऊ घालायचं काम बेबीताईंकडे आलं. रोज सकाळी ऑटोने उतईला जायचं आणि आठच्या ठोक्याला पाण्यातल्या बांबूंना कोंडा-ढेपेच्या भोकं पाडलेल्या पिशव्या बांधायच्या. रोहू त्या भोकांतून खाणं ओढून खातात.

माझा विषय होता रोहूची भूक. शरीरात घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक असतं, ते भूक जागवतं. पोट भरल्यावर दुसरी संप्रेरकं ‘आता पुरे’ असा निरोप मेंदूला देतात. हे चढउतार मोजायला मला खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर माशांचं रक्त हवं होतं. माझे बाबा स्टील प्लांटमध्ये, जानराव त्यांच्या विहारातल्या ओळखीचे. म्हणून हा तलाव मिळाला.

सात महिने मी रक्त गोळा केलं, आणि आकड्यांना काही ताळमेळच नव्हता. उपाशी माशाचं घ्रेलिन कमी, खाल्लेल्याचं जास्त, पुढच्या खेपेला उलटंच. माझ्या मार्गदर्शक म्हणाल्या, “अजून दोन महिने बघू, नाहीतर विषय बदल.”

त्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर बसून होते. बेबीताईंनी डबा उघडला. भात आणि लाखोरीची डाळ होती.

“खाय ना पोरी.”

“भूक नाही मावशी.”

“सकाळपासून काही खाल्लं नाही, तरी भूक नाही? कावून?”

मी सगळं सांगितलं. विषय बदलावा लागेल, दोन वर्षं वाया जातील, सगळं. ऐकता ऐकता त्यांनी भाताचा एक घास माझ्या हातात ठेवला. मग म्हणाल्या, “तुले फिकर लागली त भूक मेली. अन् तू त्या मासोळ्यायले अर्धा घंटा जाळं घेऊन पळवते. त्यायची भूक राहीन का?”

मी हातातला घास तसाच धरून बसले. भीतीने माशांची भूक मरते, ताणाचं संप्रेरक बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण मोजताना मी भूक मोजतच नव्हते. मोजत होते माझ्या जाळ्याची दहशत.

“मग पकडायचं कसं, मावशी?”

“पकडाचंच नाही. त्यायले येऊ द्याचं.”

त्यांनी चौकोनी जाळं पिशव्यांच्या बांबूंखाली पाण्यात पसरवून ठेवलं. पंधरा दिवस ते उचलायचं नाही, अशी मला ताकीद होती. मासे आधी बिचकले, मग रोजच्यासारखे येऊ लागले. सोळाव्या दिवशी, पिशव्या बांधायच्या अर्धा तास आधी, मी, बेबीताई आणि तलावावरचे शालिकराम, तिघांनी मिळून जाळं हळूच वर घेतलं. दोन मिनिटांत मासे लवंगेच्या तेलाच्या पाण्यात गुंगले आणि मी रक्त घेतलं. खाल्ल्यानंतरचं रक्तही आठवड्याने तसंच घेतलं.

यावेळी आकडे बोलले. खाणं मिळायच्या अर्धा तास आधी घ्रेलिन चढलेलं, खाल्ल्यावर उतरलेलं. पुढच्या चार खेपांनाही तेच.

मी धावत जाऊन सांगितलं, “मावशी, साडेसातलाच त्यांची भूक जागते!”

त्या हसल्या. “तू आली त्या दिवसापासून मी सांगून राहिली ना, साडेसातले येऊन वाट पायतात म्हणून. तू म्हणे, सवय असन.”

खरंच, मी तसं म्हटलं होतं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, आपण योग्य माणसाच्या शेजारी बसलो याचं बरं वाटलं.

प्रबंध मंजूर झाल्यावर मी छापील प्रत घेऊन कोहक्याला गेले. ऋणनिर्देशाचं पान मोठ्याने वाचलं. मार्गदर्शकांच्या लगेच खाली लिहिलं होतं, ‘श्रीमती बेबीताई वासनिक, ज्यांनी मला मासे पाहायला शिकवलं.’

जानरावांनी चष्मा काढून पुसला. बेबीताई जरा अवघडल्या. मग हळूच म्हणाल्या, “बेबी त घरचं नाव हाय. कागदावर सत्यफुला हाय माझं नाव. माझ्या बापानं ठेवलं होतं. आता कोणी म्हणत नाही.”

तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पान पुन्हा छापून घेतलं, पाचही प्रतींमध्ये बदललं आणि एक प्रत घेऊन परत कोहक्याला गेले.

“वाच,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं, ‘श्रीमती सत्यफुला जानराव वासनिक.’

त्यांनी पदराने हात पुसले, पान आपल्याकडे ओढलं आणि म्हणाल्या, “कुठं हाय? बोट ठेवून दाखव मले.”