हापिसातली पडकई

तळेघरहून निघालो तेव्हा आय घाटाच्या तोंडापर्यंत आली होती. खाली उतरून कर्जतला आगगाडी धरायची आणि मुंबईत एका कापूस कंपनीत कारकून म्हणून लागायचं. आयनं नाचणीच्या भाकरीचं गठुडं हातात दिलं आणि एवढंच विचारलं, "तितं आपलं कोण हाय रं?" मी तोंड फिरवलं आणि उतरायला लागलो.

गावाकडच्या मंडळींनो, तुम्हांला वाटतं हापीस म्हणजे नुसता खुर्चीतला आराम. अहो, कसला आराम! आमच्या हेडक्लार्कनं एक रीत पाडली होती. रोज संध्याकाळी एकेकानं त्याच्या खोलीत जाऊन दुसऱ्याची एक चूक सांगायची, मगच घरी. नाही सांगितली तर दिवे लागेस्तोवर भिंतीशी उभं राहायचं. मग कोण कुणाशी धड बोलणार? मी रोज उभा. पाय भरून यायचे आणि वाटायचं, चुलीत गेली ही नोकरी, परत जाऊन नांगर धरावा.

शेजारच्या मेजावर जुन्नरचे कादरभाई. तापातून उठलेले, नकलांचा ढीग साचलेला. ढीग उपसला नाही तर काढून टाकीन, असं हेडक्लार्कनं त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं होतं. मी आपला गावच्या सवयीनं, न विचारता, त्यांच्या मेजाशी बसलो आणि अर्धा ढीग पुढं ओढला. कादरभाईंनी माझ्या हातातला टाकच हिसकावला. "माझी जागा घ्यायला बसलास व्हय रं?"

लई लागलं मला ते. म्हटलं, "कादरभाई, आमच्याकडं पडकई असती. आज समदे मिळून तुमचं भाताचं खाचर पाडाया, उद्या माझं. माझं अडलं की तुमी या."

जुन्नरचा माणूस, त्यांना पडकई काय निराळी सांगायची! मग टाक परत देत म्हणाले, "अक्षर बारीक काढ, भाऊ. माझ्यासारखं."

ढीग संपला त्या संध्याकाळी ते खोलीत गेले. दार उघडंच होतं. "कुणाचीच चूक न्हाई दिसली, साहेब," म्हणाले आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मग पलीकडच्या मेजांवरचे कारकून, गोविंदराव आले, त्यांच्यामागून केशवराव. दिवे लागले तरी सगळे हट्टानं भिंतीशीच, आणि आमच्यापायी हेडक्लार्कलाही घरी जाता येईना! काय तोंड झालं होतं त्याचं! पाच-सहा दिवस असंच चाललं, शेवटी तोच कंटाळला आणि रीत मोडली.

माणूस आजही तिरसटच आहे. पण आता कुणाचं काम साचलं की आम्ही त्याच्या मेजाभोवती खुर्च्या ओढतो. गोविंदराव कोकणातले, तेसुद्धा त्याला पडकईच म्हणतात. तरी खाचरांची आठवण आली की जीव कासावीस होतो, खोटं कशाला बोलू?

आय, घाटाच्या तोंडाशी तू विचारलं होतंस त्याचं उत्तर आता देतो. यंदा आपल्या खाचरावर पडकई असेल तेव्हा तिघांच्या भाकरी जास्त थाप. साहेबानं कुरकुरत का होईना, रजा दिली आहे. कादरभाई म्हणतात, आता पाळी आमची.