मौनाच्या दिवशी वंदना

अमेरिकेतल्या बॉथेलहून निघालो तेव्हा आभाळ नेहमीसारखंच उदास होतं. गाडी प्रशांत चालवत होता. प्रशांत माझ्या मुलीचा शेजारी, मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. मागच्या सीटवर त्याच्या आई, शीलाताई. पांढरी साडी, मांडीवर खिरीचा मोठा डबा. त्यांच्या यजमानांना जाऊन त्या दिवशी वर्ष होत होतं. नागपुरात असत्या तर सगळ्या वस्तीनं विहारात वंदना म्हटली असती. इथे प्रशांतनं शोधून काढलेलं ध्यानकेंद्र होतं.

"एकटीनं म्हणायला घरचा सोफा होता," शीलाताई म्हणाल्या. "मागून म्हणणारी माणसं पाहिजेत, भाऊ."

"आई, तिथे आज सायलेंट डे आहे. संध्याकाळी रिक्वेस्ट करतो. तोवर प्लीज बोलू नकोस."

"मी कुठं बोलून राहिली?"

केंद्र उंच सूचिपर्णी झाडांत होतं. पूर्वी तो घोड्यांचा तबेला होता. आता तिथे माणसं शेपटी न हलवता बसतात. दारात आचार्य उभे होते. त्यांचं पाली नाव इतकं लांब होतं, की त्यांनी स्वतःच हळूच "टॉम म्हणा" असं सुचवलं. आत प्रत्येकाला एक झाफू (ध्यानाला बसायची गोल उशी) मिळाला. बुद्धाला एक झाड पुरलं होतं. इथे माणशी दोन उशा, एक शाल आणि गुडघ्यांखाली घ्यायला आणखी काहीतरी लागत होतं. मी तिसरी उशीही घेतली.

दुपारचं जेवणही मौनातच. मंडळी एकेक घास असा चावत होती, जणू त्याची उलटतपासणी चालली आहे. तेवढ्यात शीलाताई डबा आणि पळी घेऊन उठल्या. नियम त्यांनी तंतोतंत पाळला. चकार शब्द काढला नाही. पहिली पळी वाढली, की समोरचा आभारानं हात जोडायचा. आपल्या पंगतीत नकारालासुद्धा कोणी नकार समजत नाही, तिथे हात जोडणं म्हणजे निव्वळ संकोच. म्हणून दुसरी पळी. पुन्हा हात जोडले, म्हणून तिसरी. बोलायची बंदी, आणि ताटावर आडवा हात धरायची विद्या त्या देशात पोचलेली नाही. एक दाढीवाले गृहस्थ डोळे मिटून खात होते. ध्यान म्हणून की हतबलतेनं, सांगता येणार नाही. आचार्यांची वाटी तर रिकामी होऊच दिली नाही. प्रशांत छताकडे बघत होता.

संध्याकाळी प्रशांतनं चाचरत विचारलं. आचार्यांनी पोटावर हात ठेवून लगेच होकार दिला आणि हॉलला इंग्रजीत सांगितलं, की या आपल्या पतीच्या आठवणीत वंदना म्हणणार आहेत, त्या जे जे म्हणतील ते आपण मागून म्हणू.

शीलाताईंनी मूर्तीपुढे बसून पहिली ओळ म्हटली. हॉलनं ती परत म्हटली, तोंडात गरम बटाटा असल्यासारखी, पण दणदणीत. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. प्रशांतचे फक्त ओठ हलत होते. मागे वळून न बघता शीलाताई थांबल्या.

"प्रशांत, जोरात म्हण."

"प्रशांत, जोरात म्हण," सगळा हॉल भक्तिभावानं म्हणाला.

कोणी हसलं नाही, कारण कोणाला कळलंच नव्हतं. मी जीभ चावून बसलो. प्रशांतनं मान खाली घातली. पुढच्या ओळीला त्याचा आवाज सगळ्यांच्या वर आला, मधेच चिरकला, मग सावरला. शेवटी तीनदा 'साधू' म्हणताना मीही ओरडत होतो.

परतताना फ्रीवेला लागलो.

"सॉरी आई," प्रशांत म्हणाला. "आवाजच निघत नव्हता."

"माहीत आहे मला." मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "ह्यांना उजव्या कानानं कमीच ऐकू यायचं. पण आज पोचलं असेल."

मेल्यावर माणसाला ऐकू येतं यावर माझा विश्वास नाही. शीलाताईंचाही नसावा, त्या धर्मानं तसं काही कबूल केलेलं नाही. पण एवढ्या माणसांनी एवढ्या जोरात म्हटलं होतं, की तो मुद्दा मी काढला नाही.