पाच हॉर्सपॉवरचा उंदीर

घोड नदी आटायला लागली की पाटबंधाऱ्याचा एक माणूस मोटारसायकलवरून आमच्या बंधाऱ्यावर येतो. पट्टीवर पाण्याची पातळी बघतो, वहीत लिहितो. समोर कोणीही असो, त्याला मामा म्हणतो. तो कधी रागावत नाही, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते.

यंदा नदीतून पाणी उचलायला बंदी आली, तरी मी मोटर चालूच ठेवली होती, वर उसाचं पाचट टाकून. तो आला, नेमका त्याच ढिगाला टेकून बसला आणि चहा मागवून सावकाश प्यायला.

"मामा, भर उन्हात पाचटाला हिव भरलंय व्हय? लई थरथरतंय."

"उंदीर असंल, साहेब."

"व्हय, पाच हॉर्सपॉवरचा दिसतोय," म्हणत त्यानं पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकला. मग हळूच म्हणाला, "खालच्या गावाच्या नळाला चार दिस पाणी न्हाई. पंचनामा करू, का रोज सकाळी पट्टी बघून मला फोन कराल?"

मी फोन कबूल केला. परवा पाणी दोन बोटं उतरलेलं दिसलं, ते खरं सांगितलं. साहेबानं येऊन चोरून पाणी उचलणारी मोटर शोधली, आणि ती निघाली माझ्याच मेव्हण्याची. तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. बोलतो तो हाच, रोज सकाळी, फोनवर.