एक्सएफएसची दत्तक आई

जावातल्या क्लातेन गावच्या बाजारामागे लग्नांचं शूटिंग करणारा एक स्टुडिओ आहे, तिथला सर्व्हर वास्कितो सांभाळतो. मागच्या हंगामात सर्व्हरने मान टाकली आणि एका नवरीचं लग्न फक्त तिच्या आठवणीत उरलं. "पुन्हा असं झालं तर मांडवात दिवा धरून उभं करीन," मालकीण बू रात्मींनी बजावलं.

आता लिनक्सचा नवा सर्व्हर आला. त्याच्या डिस्कवर फाइली मांडायला कोणती फाइल सिस्टीम घालायची, हे वास्कितोने ठरवायचं. त्याने ईएक्सटी-फोर आणि एक्सएफएस आळीपाळीने घातल्या. कॉपी चालू असतानाच धाडकन प्लग उपटला. जगल्या दोघीही, पण लांबलचक व्हिडिओ ओढण्यात एक्सएफएस पुढे.

"एक्सएफएसच," तो म्हणाला.

"जन्मवार काय तिचा?" बूंनी विचारलं.

आम्हा जावावाल्यांत जन्माचा वार आणि पाच दिवसांच्या चक्रातला बाजारवार जुळल्याशिवाय कोणी बोहल्यावर चढत नाही, आणि बूंच्या लेखी हे सर्व्हरशी लग्नच होतं. वास्कितोने नेटवरून कुठलीशी तारीख काढून दिली. बूंनी बोटं मोजली.

"अगंबाई! सर्व्हरशी काडीमोड ठरलेला."

"बू, सॉफ्टवेअर आहे ते."

"माझा नवराही इंजिनिअरच. पत्रिका नव्हती बघितली. आता सुराबायात राहतो."

ईएक्सटी-फोरचं तर आणखी वाईट निघालं: मालकिणीच्या जिवाला धोका! आणि लग्नसराई उद्यावर आलेली.

उपाय एकच. वाईट वाराचं मूल टाकून द्यायचं, शेजारणीने झाडूने ओढून उचलायचं. आई बदलली की संकट टळतं. वास्कितोने एक्सएफएसवाली डिस्क सुपात घालून फाटकाशी ठेवली. शेजारी पेचेल, म्हणजे दाण्याच्या चटणीतल्या भाज्या, विकणाऱ्या यू जुमिराहने झाडू मारत ती ओढली.

"कोणाचं गं हे गोजिरवाणं?"

"द्या आता, यू."

"अशीच? आंघोळ घातल्याशिवाय लेक धाडतात होय सासरी?" तिने तांब्या उचललासुद्धा.

"नको!" वास्कितो सुपावर आडवा पडला. "तिला... तिला लगेच सर्दी होते!"

यू विरघळली. "आधी सांगायचं ना, मेल्या." मग नुसती पावडर लावली. ती पुसून वास्कितोने डिस्क चढवली, सर्व्हर सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी यू केळीच्या पानात पेचेल घेऊन हजर.

"जेवली का रे?"

"तीन लग्नं जेवली, यू. घटकाभरात."

"घटकाभरात? कोवळ्या पोरीला? बाधेल ना!"

वास्कितोने पडद्याकडे पाहिलं, मग दाराशी कान देऊन उभ्या असलेल्या बूंकडे पाहिलं, आणि मुकाट्याने कॉपीचा वेग निम्मा केला.