शुक्रवारची सवाष्ण

सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आज रात्री काय करायचं?" आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आज बुधवार हाय." पुढचं वाक्य येईल म्हणून मी उभीच. ते आलं नाही. शेवटी जाऊबाईंनी कोपरानं ढोसून सांगितलं की बुधवार म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं.

मला धक्काच बसला. माझं माहेर चारठाण्याचं, पावलोपावली देवळं असलेल्या गावचं. आमच्याकडे आईच्या मनात येईल ती भाजी चुलीवर चढायची. इथे वाराला रात्रीचं जेवण बांधलेलं होतं. मंगळवारी अंबाडी कण्या घालून, गुरुवारी पिठलं, शनिवारी उडदाचं घुटं. डोळे मिटून बसलं तरी वार नाकाला कळायचा. ताडकळसच्या बाजाराहून आलं की आत्याबाई ओसरीवर सात गाडगी ओळीनं मांडत आणि आठवड्याची डाळ मुठीनं त्यांत घालत. एका गाडग्यातली डाळ दुसऱ्या दिवसाला कधी मिळायची नाही. पाहुणा आला तर डाळीत पाणी वाढे, डाळ नाही.

जर्मनच्या लढाईची सालं होती ती. निजाम सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, खळ्यावरूनच ज्वारी मापून नेई. मागे राहील ती एका कणगीत मावायची, आणि ती कणगी पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची हा सगळा बंदोबस्त आत्याबाईंच्या डोक्यात. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, बाई चिकट आहे. तसं मी जाऊबाईंना बोलूनही दाखवलं होतं. त्या नुसत्या हसल्या. त्यांना सहावा महिना होता.

आषाढी एकादशीला गावातल्या बायका देवळात जमल्या. चातुर्मास बसणार, म्हणून जी ती आपला नेम देवापुढे सांगत होती. जाऊबाईंनी वांगं सोडलं. कुणी पानावर जेवणार होती, कुणी मीठ सोडणार होती. आत्याबाईंचा नेम दरसालचा ठरलेला, एकवाढी. म्हणजे ताटात एकदा वाढून घेतलं की संपलं, दुसऱ्यांदा काही घ्यायचं नाही. घरातले सगळे म्हणत, त्यांचं पोटच मुळात चिमणीएवढं, त्यांना काय जड जातंय. मीही तेच म्हणे.

मग सगळ्यांनी नव्या सुनेकडे पाहिलं. मी देवळांच्या गावातली. वांगंबिंगं सोडून भागणार होतं थोडंच? मी मान ताठ करून म्हणाले, "मी दर शुक्रवारी पुरण घालून सवाष्ण जेवू घालीन, आणि मगच जेवीन."

देवळात एकदम शांत झालं. मला वाटलं, किती छाप पडली! वळून पाहिलं तर आत्याबाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला.

घरी आल्यावर त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "पोरी, तू काय बोललीस, तुला ठावं तरी हाय का?" त्या म्हणाल्या. "गूळ कुठाय बाजारात? डाळ कुठाय? आन् चार म्हयनं शुक्रवार!"

मी घाबरून म्हणाले, "मग नको. मी देवाला सांगते, चुकलं म्हणून."

"देवाम्होरं बोललेलं मागं घेतेस?" माझ्या पहिल्या बोलण्यापेक्षा या दुसऱ्या बोलण्यानं त्या जास्त हादरल्या. "माफीबिफी राहू दे. आता घालायचं."

त्या दिवशी मी खूप रडले आणि मनातल्या मनात त्यांना खूप बोलले. देवाचं करायला निघाले तर ही बाई गुळाचा खडा मोजते, असं काहीबाही.

पहिला शुक्रवार आला. सवाष्णीचं जेवण म्हणजे त्याची रीत असते. पाट मांडायचा, भोवती रांगोळी, हळदकुंकू, आणि ती ताटावर हात आडवा धरीपर्यंत वाढत राहायचं. थांबायचं ते तिनं, वाढणारीनं नाही. मी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सवाष्णीला बोलावलं. तोंडात दात निम्मे, हाडांचा नुसता सापळा. म्हटलं, ही किती खाईल? बाईंनी सात पोळ्या खाल्ल्या. चौथ्या पोळीला आत्याबाई चुलीपुढून उठून दारात आल्या, सहाव्या पोळीला त्यांनी चौकट धरली. म्हातारी जाताना भरभरून आशीर्वाद देऊन गेली आणि आत्याबाई तिथंच मटकन बसल्या.

पण आश्चर्य म्हणजे, त्या रात्री घरात कुणाला काही कमी पडलं नाही. दुसऱ्या शुक्रवारीही नाही, तिसऱ्याही नाही. मामंजींच्या ताटात तीन भाकऱ्या होत्या तशा तीन. मी मनात म्हणाले, बघा, उगीच कांगावा! देव पुरवतो की नाही?

चौथ्या शुक्रवारी आत्याबाई शेतावर खुरपायला गेल्या होत्या, म्हणून उतरंडीतून गूळ मीच काढायला घेतला. वरची मडकी उतरवत उतरवत अगदी तळाच्या मडक्यापर्यंत गेले. त्यात हात घातला तर मुठीत मावेल एवढा खडा लागला. मडक्याला आतून वरपर्यंत गुळाचा डाग होता. शेजारी एका फडक्यात डिंक आणि खोबऱ्याची अर्धी वाटी बांधून ठेवलेली.

मी जाऊबाईंना विचारलं, "आक्का, हे कशाचं?"

त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणाचं. कडबा देऊन गुऱ्हाळावरनं आणला व्हता गूळ. असू दे. देवाचं काम हाय."

"तुमाला ठावं व्हतं?" घाईत माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"पहिल्या शुक्रवारपासनं. आत्याबाई रडल्या माझ्यापशी. म्हणल्या, तुझं खायलाव आमी."

माझ्या हातातला खडा तसाच राहिला. बाळंतिणीला महिनाभर काय खायला घालणार होतो आम्ही? कोरडी भाकरी? आणि हे सगळं माझ्या ताठ मानेपायी. शरमेनं मला तिथं उभं राहवेना. आत्याबाईंना मी चिकट म्हटलं होतं, तेही या जाऊबाईंपाशीच.

नेम मोडता येत नव्हता. मी उतरंडीपाशी बसून देवळातलं माझं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. सवाष्ण, असं म्हणाले होते. बाहेरची, असं म्हणाले नव्हते.

मी पाट मांडला, रांगोळी काढली आणि जाऊबाईंचा पिठाचा हात धरून त्यांना ओढत आणलं. "बसा."

"येडी झालीस का? घरच्या बाईला कुणी पाट मांडतं व्हय?"

"तुमी सवाष्ण हाव का न्हाई?"

ओसरीवरून मामंजी खो खो हसले. "बस की," म्हणाले, "माझा पोरगा जित्ता हाय अजून." मग जाऊबाई बसल्या. थोडंसंच पुरण घातलं होतं, दोन पोळ्यांचं. जिचा गूळ, तिच्याच पोटात गेला. दुसरी पोळी वाढायला वाकले तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. आठ वर्षं त्या या घरात सगळ्यांच्या मागून जेवत होत्या. "अजून वाढू का" असं त्यांना या घरात कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे मीही नाही.

आत्याबाई शेतावरून आल्या आणि हा प्रकार ऐकून कपाळाला हात लावून बसल्या. गाव काय म्हणेल, देव काय म्हणेल. मी म्हटलं, देवानं ऐकलंय मी काय बोलले ते, विचारा त्याला. एवढं उलट मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी मडक्यातला उरलेला गूळ काढून पाहिला आणि पुन्हा झाकून ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मी पुरण हरभऱ्याच्या मूठभर डाळीचं आणि गुळाच्या बोटभर खड्याचं केलं, बाकीच्या पोळ्या ज्वारीच्या पिठात कणीक मिसळून नुसत्या. पाट मांडला आणि आत्याबाईंना म्हटलं, "आज तुमी."

नाही नाही म्हणत त्या बसल्या. बसल्या बसल्या मला बजावलं, "माझी एकवाढी हाय. ध्यानात ठेव."

"आहे ना ध्यानात," मी म्हटलं. "एकदाच वाढते." आणि केल्या होत्या त्या सगळ्याच्या सगळ्या, सहा पोळ्या, वरण, अंबाडीची भाजी, एका दमात ताटात वाढून टाकलं. मला वाटलं, निम्मं उरेल, चिमणीएवढं पोट. उरलेलं जाऊबाईंना देता येईल.

आत्याबाईंनी ताटाकडे पाहिलं. मग खाली मान घालून जेवायला लागल्या. सावकाश, एका लयीत, मधे एकदाही न थांबता. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. दोन पोळ्या संपल्या. चार संपल्या. जाऊबाई चुलीपासून उठून माझ्याजवळ आल्या. दोघी नुसत्या बघत राहिलो. वीस वर्षं ही बाई आपल्या ताटात स्वतःच्या हातानं वाढून घेत होती, आणि घर म्हणत होतं, तिची भूकच तेवढी.

सहावी पोळी संपली. त्यांनी बोटानं वरणाचा शेवटचा थेंब निपटला.

"अजून?" मी विचारलं. मला माहीत होतं, नेम आहे, त्या घेणार नाहीत. वाढायला काही उरलंही नव्हतं.

त्यांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं. पण ताटावर हात काही त्यांनी आडवा धरला नाही.