जांघेतले टाके

बाबांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट न फाडता, जांघेतून नळी घालून तिला आतून अस्तर बसवलं. चौथ्या दिवशी आम्ही सालेकशाला परतलो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला टाके पाहायचे असत. पोटावर काहीच नाही बघून काका म्हणाले, “काऊन बे, ऑपरेशन झालं का नुसते फिरून आले?”

माझं डोकं सणकलं. घरात बायाबापड्या बसलेल्या असताना मी बाबांची लुंगी वर सारली आणि दोन्हीकडचे टाके दाखवले. माझी बायकोही तिथंच होती. तिच्यासमोर बाबा कधी उघड्या अंगानंही बसले नव्हते.

बाबांना वाकायची मनाई होती. छताकडे बघत ते मलाच म्हणाले, “पाहून झालं असंल त झाक आता.”