धरणावर रोहित आले ते वर्ष

माजलगावला शिक्षक होतो तेव्हा हिवाळ्यातल्या दर रविवारी सकाळी मी दुर्बीण घेऊन धरणाच्या काठी जायचो. चक्रवाक, शेकाट्या, वारकरी अशी नेहमीची पाखरं वहीत नोंदवायचो. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी पाणी आटत पार आत गेलं आणि उरलेल्या उथळ पाण्यात एके दिवशी लांब पायांचे, गुलाबी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे दिसले. तिथं ते मी कधीच पाहिले नव्हते.

काठावर मच्छीमार सोसायटीचे चेअरमन जाळं गुंडाळत होते. मी उत्साहानं दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"लई देखणे हायेत, गुरुजी," ते म्हणाले. "पण ह्यांला गुडघाभर पाणी लागतंय. हे आले म्हंजी आमचं काम संपलं."

त्याच आठवड्यात सोसायटीतली बरीच माणसं ऊसतोडीला गेली. माणसं जाताना दिसत असूनही मी महिनाभर रोज धरणावर जात राहिलो, कारण थवा वाढत होता.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं. हिवाळ्यात चेअरमननी होडीतून मला हात केला. रोहित आले नव्हते. मला वाईट वाटलं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.